मेडिकलची सीट मिळाली, पण यंदा जाता येत नाही. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का?

मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमध्ये राहणारी एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. नीट परीक्षेत चांगले गुण पडले, पहिल्याच यादीत कळव्याच्या सरकारमान्य महापालिका महाविद्यालयात एमबीबीएसची सीट लागली. घोडबंदर रोडने ठाणे आणि पुढे कळवा, म्हणजे घरापासून जमण्यासारखे अंतर. घरात पेढे वाटून झाले आणि त्याच आठवड्यात तिच्या खोकल्याचे निदान आले: क्षयरोग. औषधे किमान सहा महिने. हाताशी प्रवेशासाठी दिवस जेमतेम आठ.

अशा वेळी घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो. सीट आपल्याच नावावर ठेवून पुढच्या वर्षी गेले तर चालेल का? आजाराऐवजी कारण अपघाताचे असू शकते, वडिलांच्या निधनाचे, बाळंतपणाचे किंवा मानसिक ताणाचे असू शकते. प्रश्न तोच राहतो.

थोडक्यात उत्तर

नाही. भारतात एमबीबीएसची सीट पुढच्या वर्षासाठी राखून ठेवण्याची सोय नाही. कारण कितीही खरे असले आणि सिव्हिल सर्जनचे प्रमाणपत्र जोडले, तरी नियम बदलत नाही.

मात्र दोन वाटा मोकळ्या असतात. पहिली, सीट वेळेत सोडून पुढच्या वर्षी पुन्हा नीट देणे. दुसरी, प्रवेश घेऊन मग अभ्यासक्रमात थांबणे. दोन्हींची किंमत वेगळी आहे. ती किती पडेल हे कारणापेक्षा तारखेवर जास्त अवलंबून असते. तोच निर्णय पहिल्या फेरीत फुकटात पडतो आणि शेवटच्या फेरीत एक वर्ष खाऊन जातो.

सीट राखून का ठेवत नाहीत?

पहिले कारण म्हणजे नीट-यूजीचा निकाल देशातील प्रवेशासाठी त्याच वर्षापुरता चालतो. दर वर्षी नवी परीक्षा, नवी गुणवत्ता यादी. दोन वर्षांचे गुण एकमेकांशी जोडताही येत नाहीत. २०२४ मध्ये खुल्या गटासाठी पात्रतेची किमान रेषा ७२० पैकी १६२ गुणांवर होती, २०२५ मध्ये ती १४४ वर आली. २०२४ मध्ये पैकीच्या पैकी गुण मिळवणारे होते, २०२५ मध्ये सर्वाधिक गुण ६८६ होते. गेल्या वर्षीच्या गुणांवर यंदाच्या यादीत जागा देणे म्हणजे दोन वेगळ्या फूटपट्ट्यांनी एकच कापड मोजणे.

दुसरे कारण जागांचे. २०२५ मध्ये सुमारे २२ लाख ९ हजार विद्यार्थ्यांनी नीट दिली आणि सुमारे १२ लाख ३६ हजार पात्र ठरले. त्यांच्यासाठी देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. एक जागा कुणासाठी राखून ठेवली तर ती यंदा रिकामी राहते आणि पुढच्या वर्षी रांगेतल्या दुसऱ्या कुणाची तरी जागा कमी होते.

तिसरे कारण वेळापत्रक. वैद्यकीय प्रवेश ठरलेल्या तारखेपर्यंत संपलेच पाहिजेत, ही शिस्त सर्वोच्च न्यायालयाने घालून दिली आहे. २००५ मधील मृदुल धर प्रकरणात आणि २०१२ मधील प्रिया गुप्ता प्रकरणात न्यायालयाने हे वेळापत्रक काटेकोर पाळण्यास सांगितले. मागच्या दाराने होणारे उशिराचे प्रवेश रोखणे हा त्यामागचा हेतू होता. त्याच कडक नियमाचा फटका खऱ्या आजारी विद्यार्थ्यालाही बसतो.

परदेशात मिळते, मग इथे का नाही?

समाजमाध्यमांवर ‘प्रवेश एक वर्ष पुढे ढकला’ असे सल्ले दिसतात, ते बहुतेक अमेरिका किंवा ब्रिटनमधल्या पद्धतीवरून आलेले असतात. अमेरिकेत प्रवेश देणारे महाविद्यालय स्वतः असते. त्यामुळे आजारपण किंवा घरगुती कारणासाठी एक वर्ष थांबू द्यायचे का, हे तेच ठरवते. ब्रिटनमध्ये अर्ज करतानाच पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचा पर्याय निवडता येतो, अर्थात प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालय तो मान्य करतेच असे नाही.

२०२१ मध्ये तर उलटेच घडले. कोरोनामुळे परीक्षांऐवजी शिक्षकांनी गुण दिले, पात्र विद्यार्थी अपेक्षेपेक्षा जास्त झाले. तेव्हा इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाने एक वर्ष थांबायला तयार असणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना १० हजार पौंड आणि मोफत राहण्याची सोय देऊ केली होती.

भारतात महाविद्यालयाच्या हाती हा अधिकारच नाही. अखिल भारतीय कोट्यातील १५ टक्के जागा एमसीसी, म्हणजे वैद्यकीय समुपदेशन समिती भरते. राज्य कोट्यातील ८५ टक्के जागा महाराष्ट्रात सीईटी सेलच्या कॅप फेऱ्यांतून भरल्या जातात. म्हणून अधिष्ठात्यांना भेटून, ओळख काढून किंवा अर्ज देऊन सीट पुढच्या वर्षावर नेता येत नाही. ‘आम्ही सीट होल्ड करून देतो’ असे सांगणारा एजंट भेटला, तर तो फसवतो आहे असे समजावे.

न्यायालयाने कधी पुढच्या वर्षी प्रवेश दिला आहे का?

वाट आहे, पण अरुंद. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने एस. कृष्णा श्रद्धा विरुद्ध आंध्र प्रदेश या प्रकरणात याचे निकष सांगितले. गुणवत्ता असलेल्या विद्यार्थ्याला त्याची काहीही चूक नसताना, अधिकाऱ्यांच्या चुकीमुळे किंवा बेकायदा प्रवेश नाकारला गेला आणि तो तातडीने न्यायालयात आला, तर अपवाद म्हणून त्याच वर्षी एखाद-दुसरी जागा वाढवून प्रवेश देता येईल. त्या वर्षी ते शक्य नसेल, तर पुढच्या वर्षी प्रवेशाचा आदेश देता येईल. त्याआधी, २०१४ मधील एका निकालानुसार, अशा विद्यार्थ्याला फक्त नुकसानभरपाईवर समाधान मानावे लागत असे.

या निकालाचा पाया ‘चूक यंत्रणेची’ हा आहे. विद्यार्थी आजारी पडला, तर त्यात यंत्रणेची चूक नसते. त्यामुळे या निकालाचा आधार घेऊन आजारपणासाठी सीट राखता येईल, अशी आशा धरू नये.

अपंगत्वाचा मुद्दा मात्र वेगळा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की केवळ अपंगत्वाची टक्केवारी ठरावीक आकड्यापेक्षा जास्त आहे म्हणून एमबीबीएसचा प्रवेश नाकारता येत नाही. विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का, हे वैद्यकीय मंडळाने तपासले पाहिजे. आजार किंवा अपघातामुळे कायमचे अपंगत्व आलेल्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

पहिली वाट: सीट सोडणे

कोणत्या फेरीत सोडता, यावर सगळे अवलंबून आहे. एमसीसीच्या गेल्या काही वर्षांच्या नियमांत पायऱ्या साधारण अशा राहिल्या आहेत:

• पहिली फेरी: लागलेली सीट घेतली नाही तरी अनामत रक्कम जात नाही. यालाच ‘फ्री एक्झिट’ म्हणतात.
• दुसरी फेरी: सीट सोडता येते, पण अनामत जप्त होते. अखिल भारतीय कोट्यासाठी ही रक्कम खुल्या गटाला १० हजार आणि राखीव गटांना ५ हजार रुपये, तर अभिमत विद्यापीठांसाठी २ लाख रुपये राहिली आहे.
• तिसरी फेरी: सीट घेतली नाही तर अनामत जाते आणि पुढच्या फेरीतून बाहेर पडावे लागते. प्रवेश घेतला असेल, तर राजीनामा देऊन मोकळे होता येत नाही.
• स्ट्रे फेरी: रिकाम्या राहिलेल्या जागांची ही शेवटची फेरी. इथे लागलेली सीट न घेतल्यास अनामत तर जातेच, शिवाय पुढच्या वर्षी नीट देण्यास बंदी येते.

शेवटची पायरी नीट वाचावी. ‘पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देऊ’ असे ठरवून जो स्ट्रे फेरीत सीट सोडतो, त्याचे पुढचे वर्षही जाते. तब्येतीमुळे यंदा जाता येणार नाही हे आधीच कळले असेल, तर त्या फेरीचा पसंतीक्रम भरूच नये.

राज्याच्या कॅप फेऱ्यांचे नियम सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत असतात आणि दर वर्षी बदलू शकतात. महाराष्ट्रात ‘स्टेटस रिटेन्शन’ नावाचा फॉर्म असतो. तो भरला म्हणजे मिळालेली सीट कायम ठेवून पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडलात. नावावरून तो ‘सीट राखण्याचा’ फॉर्म वाटतो, पण त्याचा पुढच्या वर्षाशी काही संबंध नाही. प्रवेश रद्द करण्याची अंतिम तारीख, त्यानंतरचा दंड आणि शुल्क परतीची कपात हे तीन मुद्दे पुस्तिकेत शोधून त्यांवर खूण करून ठेवावी.

बाँडबद्दलही गोंधळ असतो. सरकारी आणि महापालिका महाविद्यालयांतून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष ग्रामीण सेवा करावी लागते. हा बाँड शिक्षण पूर्ण झाल्यानंतरचा आहे. पहिल्या फेरीत सीट सोडणाऱ्याला तो लागू होत नाही.

पुन्हा नीट देण्यावर मर्यादा आहे का?

नाही. किती वेळा परीक्षा द्यावी याला बंधन नाही. वयाची वरची मर्यादा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मार्च २०२२ मध्ये काढल्याचे जाहीर केले. खालची अट एवढीच, की प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण हवीत. म्हणजे एक वर्ष थांबल्याने दरवाजा बंद होत नाही. मात्र पुढच्या वर्षी तोच क्रमांक, तेच महाविद्यालय मिळेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. सीट सोडताना हा धोका डोळे उघडे ठेवून पत्करावा लागतो.

दुसरी वाट: प्रवेश घेऊन मग थांबणे

ठरलेल्या मुदतीत महाविद्यालयात हजर होऊन प्रवेश पक्का केला, तर सीट तुमची झाली. त्यानंतर आजारपणामुळे काही आठवडे किंवा महिने रजा घ्यावी लागली, तर प्रवेश आपोआप जात नाही. पण तीन आकडे सतत समोर ठेवावे लागतात.

पहिला आकडा हजेरीचा. परीक्षेला बसण्यासाठी थिअरीत किमान ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांत ८० टक्के हजेरी लागते. वैद्यकीय प्रमाणपत्र दिले की हजेरी भरून निघते, हा समज चुकीचा आहे. प्रमाणपत्र रजेचे कारण सांगते, पण टक्के वाढवत नाही. हजेरी कमी पडली तर परीक्षा हुकते आणि विद्यार्थी मागच्या बॅचमध्ये जातो.

दुसरा आकडा प्रयत्नांचा. आयोगाच्या २०२३ च्या पदवी शिक्षण नियमावलीनुसार पहिल्या वर्षाची परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी जास्तीत जास्त चार प्रयत्न मिळतात.

तिसरा आकडा वर्षांचा. त्याच नियमावलीनुसार प्रवेशाच्या तारखेपासून नऊ वर्षांनंतर एमबीबीएस चालू ठेवता येत नाही. एमबीबीएसचे शिक्षण साडेचार वर्षांचे, त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. म्हणजे एक वर्ष आजारपणात गेले तरी हिशेबात जागा उरते. आजारी विद्यार्थ्यासाठी ही नियमावलीतली खरी सवलत आहे, फक्त तिला कुणी ‘सवलत’ असे नाव दिलेले नाही.

रजेचा अर्ज नेहमी लेखी, अधिष्ठात्यांच्या नावे, उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या कागदांसह द्यावा आणि पोच घ्यावी. महाराष्ट्रातील महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतील, तर परीक्षा आणि टर्मचे नियम विद्यापीठाचे लागतात. अभिमत विद्यापीठांचे नियम त्यांचे स्वतःचे असतात. त्या वर्षाचे शुल्क पुन्हा भरावे लागेल का, हे आधीच विचारून ठेवावे.

कोणती वाट कुणासाठी?

निर्णय डॉक्टरांच्या एका प्रश्नावरून सुरू करावा: ‘किती दिवसांनी रोज महाविद्यालयात जाता येईल?’

उत्तर काही आठवडे असेल, तर प्रवेश घेणे बहुतेक वेळा शहाणपणाचे. डेंग्यू, टायफॉइड, हाड मोडणे, साधी शस्त्रक्रिया यांत हजेरीचा खड्डा भरून काढता येतो. औषधांना दाद देणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयरोगातही उपचार सहा महिने चालले, तरी रुग्णापासून संसर्ग होण्याचा काळ सहसा सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरता असतो. कधी जायचे हे तपासणीनंतर डॉक्टर ठरवतात.

उत्तर सहा महिन्यांहून जास्त असेल, तर पहिले वर्ष हातचे जाण्याची शक्यता मोठी. तरीही सीट सरकारी महाविद्यालयातली, कमी शुल्काची असेल, तर प्रवेश घेऊन एक बॅच मागे पडणे परवडू शकते. सीट खासगी महाविद्यालयातली आणि शुल्क लाखांत असेल, तर हजर न राहता वर्षाचे शुल्क भरण्याआधी पुन्हा विचार करावा.

प्रवेशासाठी हजर राहणेच अशक्य असेल, म्हणजे विद्यार्थी रुग्णालयात दाखल असेल, तर पालकांनी मुदत संपण्याआधीच महाविद्यालयाला आणि समुपदेशन करणाऱ्या यंत्रणेला ईमेल करावा. अधिकारपत्रावर पालकांना प्रक्रिया पूर्ण करता येईल का, हे लेखी विचारावे. मुदत संपल्यानंतर पाठवलेल्या पत्राचा सहसा उपयोग होत नाही.

कारण मानसिक आरोग्याचे किंवा गरोदरपणाचे असेल तर?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठी पदवीच्या २५,५९० विद्यार्थ्यांनी प्रतिसाद दिला होता. त्यांतील २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाल्याचे सांगितले. म्हणजे वर्गात चारांतला एक. तरीही घरात हे कारण लपवले जाते आणि अर्जात ‘ताप’ लिहिला जातो. खरे निदान कागदावर नसेल, तर पुढे रजा वाढवताना किंवा बाजू मांडताना हाती काही उरत नाही. तातडीने बोलायचे असेल तर ‘टेली मानस’ची सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत उपलब्ध आहे, ती मराठीतही चालते.

विद्यार्थिनींच्या बाळंतपणाच्या रजेसाठी आणि हजेरीतील सवलतीसाठी नियम करावेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना कळवले आहे. वैद्यकीय अभ्यासक्रमात हजेरीची अट कडक असल्याने संबंधित विद्यापीठाचा नियम लेखी मागून घ्यावा.

कल्याणची आनंदीबाई आणि न थांबण्याची किंमत

तब्येत आणि डॉक्टरकी यांची ओढाताण मराठी घरांना नवी नाही. याच ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणशी नाते असलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या, तेव्हाही त्यांची प्रकृती धड नव्हती. ताप, डोकेदुखी, अशक्तपणा सुरूच होता. फिलाडेल्फियाच्या थंडीत त्यांनी शिक्षण पूर्ण केले, मार्च १८८६ मध्ये पदवी घेतली. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही ठरली होती. पण फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचे पुण्यात निधन झाले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. आज सहा महिन्यांचा उपचार आहे, आणि तो पूर्ण करणे कोणत्याही प्रवेश फेरीपेक्षा महत्त्वाचे आहे.

सीट सोडली, तर पुढच्या वर्षासाठी काय जपून ठेवावे?

• प्रवेश रद्द केल्याचे पत्र आणि शुल्क परतीच्या पावत्या. मूळ कागदपत्रे महाविद्यालयाकडून लगेच परत घ्यावीत.
• बारावीनंतरच्या खंडासाठी गॅपचे शपथपत्र. त्यात कारण थोडक्यात लिहावे.
• नॉन-क्रीमीलेयर आणि ईडब्ल्यूएस प्रमाणपत्रांची मुदत. गेल्या वर्षीचे प्रमाणपत्र चालेल असे गृहीत धरू नये. मीरा-भाईंदरच्या रहिवाशांनी फेऱ्या सुरू होण्याआधीच नवा अर्ज करावा, कारण निकालानंतर सगळीकडे गर्दी होते.
• जात वैधता प्रमाणपत्र आणि अधिवास प्रमाणपत्राच्या मूळ प्रती.
• उपचारांची सगळी कागदपत्रे, तारखांसह एका फाइलमध्ये.

परदेशात शिकण्याचा विचार असेल, तर एक फरक ध्यानात ठेवावा. देशातील प्रवेशासाठी नीटचा निकाल एकाच वर्षासाठी चालतो, तर परदेशी एमबीबीएससाठीच्या पात्रतेकरिता तो तीन वर्षे ग्राह्य धरला जातो.

मग बेव्हर्ली पार्कमधल्या त्या मुलीने काय करावे?

तिच्याकडे आठ दिवस आहेत आणि सीट पहिल्या फेरीतली आहे, म्हणजे दोन्ही वाटा अजून खुल्या आहेत. पहिल्या दोन दिवसांत छातीरोगतज्ज्ञांकडून ‘कधीपासून वर्गात बसता येईल’ याचे लेखी उत्तर घ्यावे. तिसऱ्या दिवशी माहितीपुस्तिकेतील सोडण्याची तारीख आणि दंड पाहावा. चौथ्या दिवशी महाविद्यालयाशी बोलावे. उत्तर काही आठवड्यांचे असेल, तर मास्क लावून का होईना, प्रवेश पक्का करून रजेचा अर्ज द्यावा. आजार औषधांना दाद न देणारा निघाला, तर याच फेरीत सीट सोडून उपचारांकडे पूर्ण लक्ष द्यावे.

नववा दिवस उजाडला की या दोन वाटांपैकी एक तिच्यासाठी बंद होईल, आणि दुसरी महाग होईल.